पाच हजार घरं आणि एक पाहुणी

माझ्या हातून या देशाच्या टीव्हीचं काही बरंवाईट झालं असेल, असं मला वाटत नाही. म्हणजे, वाटू नये असा माझा प्रयत्न असतो. आमच्या गल्लीत मात्र याबद्दल दोन मतं आहेत. समोरच्या रॉडनी स्पेन्सलीच्या मते सगळं श्रेय त्याचं आहे, आणि त्याची बायको ग्लेनिस म्हणते की खापर विल्फ्रेड ऑर्मरॉडच्या डोक्यावर फुटायला हवं. विल्फ्रेड ऑर्मरॉड म्हणजे मी. मी दोघांनाही हो म्हणतो. सगळी नोकरी ग्रंथालयात गेलेल्या माणसाला वाद घालायची सवय राहत नाही. तिथे मोठ्यानं बोलायला बंदी असते, आणि ती बंदी मीच लोकांवर घालत आलो.

सुरुवात अगदी साधी होती. टीव्हीच्या पाहणी कंपनीची एक मुलगी, मिस अख्तर, ब्रॅडफर्ड शहरातून आमच्या लहानशा स्किप्टनला आली आणि म्हणाली, तुमच्या टीव्हीला एक डबी जोडू द्याल का? देशातल्या निवडक घरांत अशा डब्या असतात. कोण कुठलं चॅनल बघतं, कधी बदलतं, कधी कंटाळून बंद करतं, हे सगळं त्या डबीला कळतं आणि त्यावरून कार्यक्रमांचं भवितव्य ठरतं. माझ्यासारख्याला कुणी निवडलं याचंच मला इतकं नवल वाटलं, की मी तिला आधी विचारलं, पत्ता चुकला नाही ना. ती म्हणाली, चुकला नाही. उत्तरेकडचा, एकटा राहणारा, पेन्शनवरचा पुरुष हवा होता. यात गौरव होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डबीबरोबर एक छोटा रिमोट आला. त्यावर एक बटण माझं आणि बाकीची पाहुण्यांची. बघायला बसलं की आपलं बटण दाबायचं, चहाला उठलं की पुन्हा दाबायचं. नियम दोनच. घरात डबी आहे हे कुणाला सांगायचं नाही. आणि पाहुणा आला तर त्याचंही बटण दाबायचं, पुरुष की बाई ते नोंदवायचं, वयही नोंदवायचं. जाता जाता मिस अख्तर म्हणाली, "तुमचं हे एक घर साधारण पाच हजार घरांच्या जागी धरलं जातं, बरं का." ती सहज बोलली आणि निघून गेली. मी त्या रात्री जेवलो नाही.

पाच हजार घरं म्हणजे आख्खं स्किप्टन आणि वर आसपासची खेडी. मी खुर्चीत डुलकी घेतली की पाच हजार घरं स्नूकरसमोर घोरत पडणार. मी चॅनल बदललं की पाच हजार हात उठणार. असल्या जबाबदारीखाली माणूस काही धड बघू शकत नाही. मला दुपारी शब्दकोड्यांचा एक फालतू कार्यक्रम बघायला आवडायचा, तो मी सोडला. उत्तर इंग्लंडबद्दल लंडनवाल्यांचं काय मत होईल? त्याऐवजी एकदा पूर्ण बॅले नाच बघितला. सगळं संपेपर्यंत त्यातलं कोण मेलं आणि कोण नुसतंच आडवं पडलं, हे मला कळलं नाही; पण पाच हजार घरांना थोडी कला मिळाली, एवढं समाधान घेऊन झोपलो.

खरी अडचण गुरुवारी यायची.

गुरुवारी संध्याकाळी सातला एका आडबाजूच्या चॅनलवर 'सावकाश पाणी' लागायचं. डेनिस नावाचा एक दाढीवाला गृहस्थ लांबट होडी घेऊन कालव्याकालव्यानं फिरतो, बरोबर एक म्हातारी कुत्री, आणि काही म्हणजे काही घडत नाही. एका भागात होडीनं एक पाणदार, म्हणजे पाणी अडवून होडी वरखाली करणारा कालव्यातला दरवाजा, ओलांडलं तर पुष्कळ झालं. मध्येच डेनिस कुत्रीला उद्देशून एखादा विनोद करायचा. कुत्री हसायची नाही. ते बघायला भिंतीपलीकडच्या मिसेस ब्रेथवेट माझ्याकडे यायच्या.

त्या पियानो शिकवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या वसंतात चॅनलांचे नंबर इकडचे तिकडे केले, तेव्हा सगळ्यांना आपापले टीव्ही पुन्हा जुळवून घ्यावे लागले. मिसेस ब्रेथवेटांचा टीव्ही जुळवायला रॉडनी गेला. कुणी न बोलावता मदतीला जाणं हा त्याचा जुना छंद आहे. तो परत आला तेव्हा त्यांच्या टीव्हीवरची निम्मी चॅनलं गेली होती आणि बातम्या शेजारच्या, आमच्याशी पिढ्यान्‌पिढ्या वैर असलेल्या लँकेशरच्या लागत होत्या. यॉर्कशरमध्ये जन्मलेल्या बाईच्या बैठकीच्या खोलीत रोज संध्याकाळी लँकेशरचं हवामान. यापेक्षा चोर शिरलेले बरे. पण त्या शांतपणे म्हणाल्या की पाऊस काय, दोन्हीकडे सारखाच. फक्त 'सावकाश पाणी' तेवढं गेलं, याची चुटपुट त्यांनी फाटकाशी बोलून दाखवली. माझ्याकडे लागतं, असं मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, याचा मी पुढे बरेच दिवस विचार करत होतो.

तेव्हापासून त्या दर गुरुवारी यायच्या. येताना फळांचा केक आणायच्या, मी वेन्स्लीडेल चीज कापून ठेवायचो. एक तुकडा केक, त्यावर एक तुकडा चीज, आणि समोर डेनिस. आमचं बोलणं फारसं व्हायचं नाही. जाहिराती लागल्या की मी किटली चढवायचो. जिना चढवणाऱ्या खुर्च्या, कानातली यंत्रं आणि अंत्यविधीचे आगाऊ हप्ते, अशा त्या जाहिराती असायच्या. उरलेला आठवडा मी गुरुवारच्या अलीकडे किंवा पलीकडे मोजायचो. याला काय म्हणतात ते मी वाचलं होतं, पण पुस्तकात ती माणसं बरीच तरुण असतात.

आता डबी आली आणि मिसेस ब्रेथवेट झाल्या पाहुणी. डबी झाकायला मी तिच्यापुढे फर्नची कुंडी ठेवली. रिमोट गादीआड धरून बटण दाबलं, बाई असं नोंदवलं. पुढे वय. बाईला वय विचारायचं? आणि तेही कारण न सांगता? आमच्या आईनं शेजारणीच्या मांजरीचं वयसुद्धा कधी विचारलं नसतं. अंदाजानं टाकावं, तर खरा अंदाज टाकणं म्हणजे त्यांच्या पाठीमागे त्यांना म्हातारं म्हणण्यासारखं. मी पंचेचाळीस टाकले. मला ते सभ्यपणाचं वाटलं. पण मग दर गुरुवारी सात वाजता कंपनीच्या हिशेबात पाच हजार पंचेचाळीस वर्षांच्या बायका पाच हजार म्हाताऱ्यांकडे कालवा बघायला जाऊ लागल्या, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

पहिलं विघ्न आलं ते कंपनीच्या मोटारीचं. डबी तपासायला मिस अख्तर पुन्हा आली, तिनं गाडी माझ्या दाराशी लावली आणि आत येऊन टीव्हीमागे गुडघ्यांवर बसून तारा तपासल्या. पडद्यामागून रॉडनीनं हे सगळं पाहिलं. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं की ऑर्मरॉडनं टीव्ही बघण्यासाठी दरवर्षी भरायचं लायसन भरलेलं नाही आणि तपासनीस येऊन गेले.

दुसऱ्या दिवशी लोक माझ्याशी फार प्रेमानं वागू लागले. ग्लेनिसनं भांडंभर स्टू आणून दिला आणि म्हणाली, पेन्शनीत भागत नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोपऱ्यावरच्या दोघी बहिणींनी वर्गणी काढायचं ठरवलं. आयुष्यात एक पुस्तक एक दिवस उशिरा परत केलं नाही असा मी माणूस. मी कपाटातून लायसन काढलं आणि रस्त्यावरून दिसेल असं खिडकीच्या काचेला चिकटवलं.

रॉडनी ते वाचायला थांबला. मग आत आला. "विल्फ्रेड, खरं सांग. ज्यानं लायसन भरलंय तो ते खिडकीत लावेल का?"

"मी भरलंय म्हणूनच लावलं."

"तेच तर. आम्ही सगळ्यांनी भरलंय. लावलंय का कुणी?"

माणसानं किती सहन करावं? मी फर्नची कुंडी बाजूला केली आणि डबी दाखवली. कुणाला सांगू नकोस, असंही म्हणालो. रॉडनीनं छातीवर हात ठेवून शब्द दिला, आणि तो पाळलाही. ग्लेनिस सोडून त्यानं कुणालाही सांगितलं नाही. बाकीच्यांना ग्लेनिसनं सांगितलं; फाटकाशी गप्पा न मारणाऱ्या मिसेस ब्रेथवेट तेवढ्या सुटल्या.

याच सुमाराला वर्तमानपत्राच्या टीव्हीच्या पानावर दोन ओळी आल्या. प्रेक्षक कमी असल्यामुळे काही कार्यक्रम या मोसमानंतर बंद होणार, त्यांत 'सावकाश पाणी'. त्या गुरुवारी मिसेस ब्रेथवेट आल्या तेव्हा त्यांनीही ते वाचलं होतं. कार्यक्रम संपल्यावर त्या लगेच उठल्या नाहीत. रिकाम्या बशीवरचे केकचे कण बोटानं गोळा करत म्हणाल्या, "हे बंद झालं, तर मग गुरुवारी आपण..." आणि थांबल्या.

ते वाक्य पुरं करणं माझ्याकडे होतं, हे आता मला दिसतं. गुरुवारी आपण दुसरं काही बघू. गुरुवारी आपण पत्ते खेळू. गुरुवारी आपण नुसता केक खाऊ. यातलं कुठलंही चाललं असतं. मी म्हणालो, "काही तरी करायला हवं." आणि त्यांना घालायला कोट धरला.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गणित बसलं होतं: कार्यक्रम गेला की गुरुवार गेला. म्हणून मी कधी केलं नव्हतं ते केलं, आपण होऊन रॉडनीचं दार ठोठावलं.

रॉडनी ऐकून उभाच राहिला. "अरे, पाच हजार घरं तुझ्या खिशात आणि तू रडत बसलायस? बटणं किती आहेत पाहुण्यांची?"

"सात की आठ."

"मग ती रिकामी कशाला ठेवलीस, शोभेला?"

पुढच्या गुरुवारी माझ्या घरात माणसं मावेनात. रॉडनी, ग्लेनिस, कोपऱ्यावरच्या बहिणी, चर्चमध्ये घंटा वाजवणारे दोघे जण. खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा लोक माझ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर बसले. मी क्रमवार लावलेल्या प्रवासवर्णनांवर एक घंटावाला बसला होता आणि तो जाडा होता. मिसेस ब्रेथवेट केक घेऊन आल्या, दारातच क्षणभर थांबल्या. त्यांची नेहमीची खुर्ची ग्लेनिसला मिळाली होती. केकाचे इतके तुकडे करावे लागले की चीज केकापेक्षा मोठं दिसू लागलं.

मी बटणं दाबत गेलो. आणि इथे पुन्हा तीच अडचण. मिसेस ब्रेथवेटांना पंचेचाळीस दिल्यावर ग्लेनिसला त्याहून जास्त कसे देणार? तिला चव्वेचाळीस दिले. बहिणींतली धाकटी थोरलीच्या देखत बसली होती, म्हणून दोघींना बेचाळीस. रॉडनीनं माझ्या खांद्यावरून डोकावून आपले स्वतःच एकोणपन्नास सांगितले, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

डेनिस काय बोलला ते कुणालाच ऐकू आलं नाही. पाणदाराचा दरवाजा डेनिसनं चुकीच्या बाजूनं ढकलला, यावर रॉडनी पूर्ण भागभर बोलत होता. कुत्रीचा विनोद कधी झाला कळलंही नाही. मिसेस ब्रेथवेट दाराजवळच्या स्टुलावर मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "किती मित्र आहेत तुम्हाला, मिस्टर ऑर्मरॉड. मला कल्पना नव्हती." मी म्हणालो, "मलाही नव्हती." त्या हसल्या, पण नेहमीसारखं नाही. त्यांना सगळं सांगून टाकावं असं वाटलं, पण कंपनीचा नियम आडवा आला. रॉडनीला सांगताना तो आडवा आला नव्हता. माझ्या बाबतीत नियम नेमके नको तिथे आडवे येतात.

असे बरेच गुरुवार गेले. मग हळूहळू कार्यक्रमाच्या जाहिराती बदलल्या. जिन्याच्या खुर्च्या गेल्या, अंत्यविधीचे हप्ते गेले. त्यांच्या जागी अत्तरं आली, समुद्रकाठी केस उडवत पळणाऱ्या बायका आल्या, मोटारी आल्या. स्टुलावरून मिसेस ब्रेथवेट माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आजकाल आपल्याला कुणी मरायचा आग्रह करत नाही, लक्षात आलं का तुमच्या?" त्या गर्दीत आमचं तेवढंच एक बोलणं झालं. मी अजून ते जपून ठेवलं आहे.

आणि मग मिस अख्तर आली. या वेळी तिनं गाडी लांब लावली होती. चहा घेतला, साखर नको म्हणाली, आणि मग अगदी मऊपणे बोलू लागली. कंपनीच्या नोंदीप्रमाणे दर गुरुवारी माझ्याकडे बेचाळीस ते एकोणपन्नास वयाच्या माणसांची मेजवानी असते, आणि ती कालवा बघून संपते. हे कसं?

मी सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोंड वाकडं केलं नाही. एवढंच म्हणाली, "वय विचारायचं असतं हो, मिस्टर ऑर्मरॉड."

"बाईमाणसाला?"

"आम्ही रोज विचारतो."

"तुम्ही ब्रॅडफर्डच्या," मी म्हणालो. ती हसली. पण डबी न्यावी लागेल, आणि गर्दीच्या गुरुवारांची नोंद बाद करावी लागेल, हे तिनं सांगितलंच. टीव्हीमागे वाकून तारा सोडवताना तिनं विचारलं, "ती पहिली पाहुणी, सुरुवातीपासून एकटी यायची ती. ती पण पंचेचाळीसची नव्हे?"

"नाही."

"मग किती?"

"मला खरंच माहीत नाही. मला त्याचं काही नव्हतं."

तिनं तारेचं वेटोळं केलं. "त्यांच्यापुरतं तुमचं काही फार चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "बाकीच्यांना बोलवायची काही गरज नव्हती." ती नोंदींबद्दल बोलत होती. निदान तेव्हा मी तसंच धरलं.

नोंद बाद झाली तर कार्यक्रम बुडालाच, असं मी समजून चाललो. तसं झालं असतं तर गोष्ट इथेच संपली असती आणि बरी संपली असती. पण वर्तमानपत्रात आलं की 'सावकाश पाणी' वाचलं. नुसतं वाचलं नाही, त्याला बढती मिळाली. उत्तरेकडच्या मध्यमवयीन स्त्रियांत त्याची लोकप्रियता एकाएकी वाढल्याचं दिसल्यामुळे ते आता पहिल्या पाच मोठ्या चॅनलांपैकी एकावर, शनिवारी संध्याकाळी दाखवणार. बाद केलेल्या नोंदी आधीच कुठे पोचल्या होत्या, की उत्तरेत खरोखरच कुणी मध्यमवयीन बायका कालव्याकडे वळल्या होत्या, मला सांगता येणार नाही. रॉडनीनं गल्लीत बिअर वाटली. लोक माझी पाठ थोपटत होते. पहिली पाच चॅनलं कुणाच्याही टीव्हीवर लागतात, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझ्या हातात बिअरचा ग्लास होता. मिसेस ब्रेथवेटांच्या टीव्हीवरसुद्धा लागतात. लँकेशरच्या का होईना.

शेवटच्या गुरुवारी त्या आल्या. डबी गेल्याचं कळल्यावर गर्दी आपोआप विरली होती, त्यामुळे आम्ही दोघंच होतो. केक होता, चीज होतं, त्यांना त्यांची खुर्ची मिळाली. डेनिसनं आम्हा दोघांनाच हात हलवून निरोप दिल्यासारखं वाटलं. नंतर मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलो. त्या पायरीवर थांबल्या. हातमोजे घालायला त्यांना बराच वेळ लागला.

"आता शनिवारी माझ्याकडेच लागेल," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दर आठवड्याला त्रास नको."

"त्रास कसला," मी म्हणालो.

त्यांनी एक हातमोजा काढून पुन्हा घातला. मला बोलायचं होतं, शब्द सगळे जागेवर होते, अकारविल्हे लावलेले. पण मला वाटलं, त्यांना आपल्या घरी, आपल्या शेगडीशी बसून बघायचं असेल. इतके दिवस बिचाऱ्या नाइलाजानं आल्या. आता कशाला अडवा? म्हणून मी म्हणालो, "मोठ्या चॅनलवर चित्र फार स्वच्छ येतं म्हणे."

"हो," त्या म्हणाल्या. "असं म्हणतात खरं." आणि शेजारच्या फाटकातून आत गेल्या. भिंतच ती मधली, पावलं कितीशी असणार.

महिन्याभरानं रॉडनी माझ्याकडे कुंपणाची कात्री मागायला आला. बोलता बोलता म्हणाला की मिसेस ब्रेथवेटांचा टीव्ही त्यानं एकदाचा पूर्ववत करून दिला, आता यॉर्कशरच्या बातम्या लागतात. मी म्हटलं, फार उशीर केलास.

"मी उशीर केला?" रॉडनीला ते लागलं. "अरे, मी दोनदा गेलो होतो दुरुस्त करून द्यायला. ते गुरुवारचं चॅनलसुद्धा आणून देणार होतो, एका बटणाचं काम. दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, राहू दे, रॉडनी, आहे तसं बरं आहे. आता मागच्या आठवड्यात आपण होऊन म्हणाल्या, कर बाबा नीट. बायकांचं काही कळत नाही बघ."

मी त्याला कात्री दिली. त्यानं ती अजून परत केलेली नाही.

आता शनिवारी मी 'सावकाश पाणी' एकटाच बघतो. त्यात आता संगीत घातलंय, होड्यांच्या शर्यती घातल्यात, एका भागात पाच-सहा पाणदारं ओलांडतात. कुत्रीशी डेनिस बोलतो, तेवढं मात्र ठेवलंय. माझ्या टीव्हीला छपरावरची डिश आहे, त्यामुळे माझं चित्र आकाशात जाऊन परत येतं आणि त्यांच्या एरियलवरच्या चित्रापेक्षा क्षणभर मागे असतं. आधी भिंतीपलीकडून मिसेस ब्रेथवेटांचं हसणं ऐकू येतं, मग माझ्याकडे विनोद येतो. त्यामुळे हसायच्या तयारीला मला पुरेसा वेळ मिळतो. पण विनोद येऊन पोचेपर्यंत मनात शंका उभी राहते, की मी मोठ्यानं हसलो आणि पलीकडे ऐकू गेलं, तर त्यांना काय वाटेल.

म्हणून मी हळूच हसतो.